तिसरी हाक

“सालन सालुंके बनाम यसवंत सालुंके और आम जनताऽऽ, हाजिर होऽऽ!”

चंदिगडच्या कोर्टातला शिपाई गुरमेलसिंग दाराच्या चौकटीत उभा राहून असा काही ओरडला, की व्हरांड्यातली कबुतरं घाईघाईत एकमेकांचे पंख लावून उडाली. खोटं वाटत असेल तर वाटू दे. माझी मुलगी शेजारी बसून हे वाचते आहे आणि म्हणते आहे, “मम्मा, आप बहुत फेंकते हो.” मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. तर, सालन म्हणजे माझी आई, शालन. यसवंत म्हणजे माझे बाबा, यशवंत ज्ञानू साळुंखे, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. सध्या राहणार कुठं, तोच तर दावा होता. बाबा सात वर्षं बेपत्ता होते, आणि सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मेलेला धरावं, असं कोर्टाकडून लिहून घ्यायचं होतं. आता कायद्याची गंमत बघा. ज्याला मेलेला ठरवायचं त्यालाच प्रतिवादी करावं लागतं, त्याच्याच नावानं समन्स काढावं लागतं, आणि प्रत्येक तारखेला दारात उभं राहून त्याला तीनदा हाक मारावी लागते. तो आला तर दावा खलास, न आला तर माणूस खलास. त्याच्या जोडीला आम जनतेलाही बोलवत, कुणाची हरकत असली तर सांगावी म्हणून. पण आम जनता तीन वर्षांत एकदाही फिरकली नाही. बाबांचं काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

बाबा फौजेत ड्रिल उस्ताद होते. त्यांचा आवाज ही काय चीज होती ते सांगायला माझी लेखणी अपुरी आहे, म्हणून थोडं वाढवूनच सांगते. छावणीच्या मैदानावर त्यांनी “सावधान” म्हटलं की स्वयंपाकघरात आईची उकळती आमटी क्षणभर थांबायची. एकदा त्यांनी “पीछे मुड” दिलं आणि सुखना तलावावरची बदकं उलटी फिरली. हाच आवाज देवानं, वाटणी करताना चुकून, मला दिला. आठव्या वर्षीच माझा आवाज असा काही घोगरा आणि भरदार झाला, की फोन उचलला की पलीकडचा “साब जी” म्हणूनच सुरुवात करायचा. शाळेत पोरी मला “हवालदार” म्हणत. आईला या आवाजाचं दुःख होतं, बाबांना अभिमान. रोज सकाळी दात घासून झाले की ते गच्चीवर माझी हजेरी घ्यायचे. नाव पुकारायचं, मी ओ द्यायची. “एकदाच द्यायची,” ते म्हणत, “पण अशी द्यायची की दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती होऊ नये.”

आईची शिकवण नेमकी उलटी. तिच्या माहेरी, खटावच्या बाजूला, असा पक्का नियम होता की दारातून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. “नसलेलं माणूस दोनदाच हाक मारू शकतं,” आई सांगायची. “तिसरी त्याला जमत नाही. तिसरी आली की समजायचं, जितंजागतं कुणीतरी आहे, मग खुशाल ओ दे.” या नियमापायी चंदिगडमध्ये आमच्या दारातून किती दूधवाले, पोस्टमन आणि गॅसवाले दोनदा ओरडून निघून गेले त्याची गणती नाही. शेजारच्या सरदारणी म्हणत, “साळुंखे आंटी को तीन बार बुलाना पड़ता है.” बाबा हसत. त्यांना दोन हाकांत जे जमत नसे ते जगात कुणालाच जमत नसे, तरी घरी आल्यावर ते जिन्यातून तीनदा “शालन” अशी हाक मारायचे. नियम म्हणजे नियम.

पेन्शनीत आल्यावर आम्ही चंदिगडलाच राहिलो. आंब्याच्या दिवसांत एका सकाळी बाबा बसनं पिंजौरला कलम आणायला गेले. जाताना म्हणाले, “चारपर्यंत येतो, घेवडा टाकून ठेव.” पंजाब्यांचा राजमा आणि आमच्या कोरेगावचा घेवडा हे सख्खे भाऊ आहेत, असं बाबांचं मत होतं, फक्त एक भाऊ आलं-टोमॅटोत बिघडला आणि दुसरा काळ्या मसाल्यात सुधारला. घेवडा शिजला. चार वाजले. सात वाजले. बसच्या कंडक्टरला फौजी आठवत होता, पिंजौरला उतरलेला. रोपवाल्यालाही आठवत होता: कलम निवडलं, बाजूला ठेवायला सांगितलं, “चहा पिऊन आलो” म्हणून गेला. तिथून पुढं कुणालाच काही आठवत नव्हतं. टपरी समोर, रस्ता सरळ, ऊन लख्ख. अंधारात माणूस हरवला तर कळतं तरी. भर उन्हात, शंभर माणसांच्या देखत, चहाच्या दिशेनं निघालेला सहा फुटी माणूस कुठं जातो? ते कलम आईनं आणलं आणि तुपाच्या डब्यात लावलं. नंतर आम्ही चंदिगडबाहेर, खरड गावी, स्वस्तातल्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा टेम्पोत आई पुढं बसली, मांडीवर कलम घेऊन. आज तिकडं फ्लॅटांचं जंगल झालंय. तेव्हा आमच्या खिडकीतून मोहरीचं शेत आणि एक विटांची भट्टी दिसायची, आणि वारा असला की भट्टीच्या धुराड्यातून कुणीतरी लांबून काहीतरी विचारतंय असा आवाज यायचा.

सात वर्षं झाली तशी गावाहून काकांची पत्रं सुरू झाली. वहिनी, कोर्टाचा कागद करून घ्या, दादाचे दिवस घाला, पोरीला घेऊन गावी या. एवढ्या एका कागदावर सगळं अडलेलं. कागद मिळाला की आई कपाळ पुसणार, आम्ही सामान बांधणार, बाबा फोटोत जाणार. न मिळाला तर आई तशीच, ना धड सवाष्ण ना विधवा, हळदीकुंकवाला बोलवावं की नाही याचा बायकांना पेच पाडणारी. आईला तो कागद हवाही होता आणि नकोही. मला अजिबात नको होता. मी सोळा वर्षांची होते, आणि माझं गणित सोपं होतं: तारीख पडत राहील तोवर बाबा जिवंत.

आणि तारखा पडल्या, बाप रे, काय पडल्या! पहिलं समन्स बाबांच्या शेवटच्या पत्त्यावर काढलं. पुढच्या बिऱ्हाडकरूनं ते घेऊन येणाऱ्याला आमच्याकडं खरडला पाठवला. तो दारात दोनदा ओरडून परत गेला. दुसऱ्या खेपेला तिसरी हाक मारायचं त्याला सुचलं. “यशवंत घर पे हैं?” आई म्हणाली, “नाहीत.” “कब आएँगे?” आई म्हणाली, “हेच आम्ही तुम्हाला विचारलंय.” त्यानं कागदावर लिहिलं, घरी मिळाला नाही, पुन्हा यावं. त्यावर पडली तारीख. मग वकिलांचा संप, तारीख. जज रजेवर, तारीख. फाईल सापडेना, तारीख. फाईल सापडली तर वीज गेली, तारीख. आमचे वकील बत्रासाहेब, कोटाच्या खिशात कायम भाजलेले हरभरे, ते एकदा दुसऱ्याच कोर्टात दुसऱ्याच कुणाचा दावा लढत उभे राहिले आणि आमची तारीख गेली. एकदा तर पंख्याची हवा लागून आमचा कागद उडाला तो थेट हरियाणात पडला. (मुलगी म्हणते, “मम्मा.” बरं, व्हरांड्यात पडला.) प्रत्येक तारखेला आई पहाटे उठून घेवडा करायची, आणि तिघांपुरता करायची. सरकार स्वतः तीनदा हाक मारणार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. माणूस ऐकून आलाच, तर त्याला काय उपाशी ठेवायचा? तिसऱ्या ताटावर झाकण ठेवून आम्ही बस पकडायचो. संध्याकाळी परतलो की आई झाकण आधी काढायची, चपला नंतर.

पहिले जज मान वर न करणारे होते. तीन वर्षांत मी त्यांचा भांग पाहिला, चेहरा नाही. एकदा तिसरी हाक होऊन गेली तरी आई दाराकडंच बघत उभी राहिली. बत्रासाहेबांनी तिला कोपरानं ढोसलं. “मैडम, ये रोना-धोना घर पे,” जज फाईलशी बोलल्यासारखे बोलले. “आदमी को हम नहीं ले गए. डेट दे दो.” आई रडत नव्हती. ती फक्त ऐकत होती. तिथं बसलेल्यांपैकी एकालाही त्यातला फरक कळला नाही. मला मात्र त्या हाकांचा खरोखर धसका बसत चालला होता. गुरमेलसिंग सत्तरीला टेकलेला, दम लागलेला माणूस, पण व्हरांडा लांब होता आणि शेवटी एक बंद जिना. तो हाक मारायचा, हाक त्या जिन्यापर्यंत जायची, आणि परत यायला थोडा जास्तच वेळ लावायची. जणू तिथं कुणी ती धरून ठेवत होतं, वाचत होतं, आणि मग सोडत होतं. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तरी हवालदारावर कोण विश्वास ठेवतं?

मग नव्या जजबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मान वर केली, तेव्हा बत्रासाहेबांच्या घशात हरभरा अडकला. त्यांनी आईसाठी खुर्ची मागवली. कोर्टात खुर्ची! त्या लाकडी खुर्चीवर आई अशी बसली जसं काही खाली अंडी ठेवलीत. बाईंनी फाईल चाळली, रीडरला, म्हणजे तारखा लिहिणाऱ्या कारकुनाला, विचारलं, “तीन साल? इसमें था क्या?” आणि पुढची तारीख देताना आईला सरळ सांगितलं, “माताजी, अगली बार आख़िरी. आवाज़ लगेगी, कोई नहीं आया तो उसी दिन फ़ैसला.” आई “बरं” म्हणाली, मराठीत. त्या रात्री आईनं काकांना पत्र लिहायला घेतलं आणि एकच ओळ लिहून ठेवून दिलं.

तो दिवस धुक्याचा होता. खरडहून येताना बस अशी चालत होती की पुढं एक माणूस कंदील घेऊन पळतोय असं वाटावं. कोर्टाच्या आवारात माणसं कमरेपासून वरच दिसत होती. आत गर्दी म्हणून गुरमेलसिंगनं मला दाराबाहेरच थांबवलं. मी व्हरांड्याच्या शेवटच्या बाकावर, बंद जिन्याला पाठ लावून बसले. इथून दार दिसत नव्हतं, मध्ये धुकं आणि अशिलांची घोंगडी. हवा इतकी जड की माझाच श्वास मला कुणाचातरी वाटत होता. आणि मी ठरवून बसले होते. खरंच सांगते, ठरवून. तीन हाकांना कुणी आलं नाही तर बाबा मरणार होते. तर मग कुणीतरी यायला हवं होतं, आणि बाबांचा आवाज जगात दोनच माणसांकडं होता.

“यसवंत सालुंकेऽऽ!” पहिली. गेली, जिन्यावर आपटली, माझ्या मानेवरून परत आली. मी गप्प. “यसवंत सालुंके और आम जनताऽऽ!” दुसरी. मी गप्प. आईचा नियम हाडात मुरलेला, ओठ उघडेनात. आणि मग सगळंच गप्प झालं. कबुतरं, टाइपरायटर, बाहेरचे चहावाले. तिसरी यायला वेळ लागला. आली ती जरा हळू, अगदी जवळून, आणि न ओरडता. “यशवंत ज्ञानू साळुंखे.” म्हातारा दमला असेल, मला वाटलं, आणि हेही वाटलं की तीन वर्षांत शेवटी पठ्ठ्याला आमचं नाव नीट घेता आलं. मी उठून उभी राहिले, टाचा जुळवल्या, आणि गच्चीवर द्यायचे तशी ओ दिली.

“हाजिर साब!”

तो आवाज माझा नव्हता असं मी म्हणणार नाही. माझ्याच घशातून निघाला, घसा चार दिवस सोलवटलेला होता. पण तो बाहेर पडला तेव्हा पूर्ण भरलेला होता, पंचवीस वर्षं हुकूम सोडून तयार झालेला. धुक्यात एक वाट पडली. लोक बाजूला झाले. मी चालत दारापर्यंत गेले आणि आत बघते तो आई खुर्चीवरून उठून उभी होती, पदर डोक्यावर घेतलेला, जसा बाबा घरात शिरताना ती घ्यायची. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघून हळूहळू उतरलं. तेवढं एक दृश्य माझ्या नावावर नसतं तर बरं झालं असतं.

रीडर उसळला. “मैडम, ये तो कोर्ट का मज़ाक़ है! लड़की ने नकली हाज़िरी दी!” बत्रासाहेब छताकडं बघत हरभरे चावत होते, जसं काही आम्ही त्यांच्या ओळखीचे नव्हतो. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “तुम बोली, बेटा?” मी हो म्हटलं. “क्यों?”

जे खरं होतं तेच तोंडातून गेलं. “तीसरी आवाज़ पे जवाब देना पड़ता है, मैडम.”

बाईंनी भुवई उचलून गुरमेलसिंगकडं पाहिलं. गुरमेलसिंगनं त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही दोघं मिळून मला तुरुंगात घालणार. बाईंनी पेन बंद केलं. मग रीडरला म्हणाल्या, “ये ऑर्डर में नहीं आएगा. आज नहीं करेंगे. एक तारीख़ और.” इतक्या तारखा पडल्या, पण कुणीतरी समजून उमजून, हळूच, हातावर ठेवल्यासारखी दिलेली तारीख ती एकच. आता मी फोनवर कुठल्याही दाव्याची पुढची तारीख बसल्या जागी बघू शकते, आणि कधीकधी उगाच अनोळखी लोकांच्या बघतेही. ती कशी दिली, मान वर करून की खाली घालून, तेवढं मात्र फोनवर येत नाही.

परतीची बस पकडून आम्ही घरी आलो. मी मार खायची तयारी ठेवली होती. झाकण काढून तिनं तिसऱ्या ताटातला घेवडा मला वाढला, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, “तुझाच होता ना गं?” मी म्हटलं, “माझाच.” ती म्हणाली, “हं. पण ओ तर दिली.”

महिन्याभरानं शेवटची तारीख लागली. लख्ख ऊन होतं. बाईंनी त्या दिवशी हाक मारायला सांगितलंच नाही. आईला खुर्ची दिली आणि विचारलं, “माताजी, आप बताइए. आप चाहती हैं?” आई उभी राहिली. तिची हिंदी म्हणजे अर्धी मराठीच. “साहेब, मागच्या खेपेला उनकी हाजिरी लग गई,” ती म्हणाली. “फौजी आदमी है. हाजिरी के बिना हिलता नहीं था. अब छुट्टी दे दो.” बत्रासाहेबांनी पहिल्यांदाच खिशातून हात काढला. बाईंनी लिहायला घेतलं. लिहून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, आणि त्या एका वेळी मला त्याचा राग आला नाही.

गावी आम्ही गेलो नाही. आईनं कागद पेटीत ठेवला, कपाळ स्वतःच्या हातानं, नळाखाली, कुणाला न बोलावता पुसलं, आणि त्या संध्याकाळी घेवडा दोघींपुरताच झाला. कलम मात्र तिनं डब्यातून काढून जमिनीत लावलं. पण हे सगळं संध्याकाळचं. त्याआधी, आई बत्रासाहेबांबरोबर नकलेचा अर्ज द्यायला गेली होती तेव्हा, मी व्हरांड्यात गुरमेलसिंगपाशी गेले. म्हाताऱ्याची माफी मागायची राहिली होती. तो स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. मी म्हटलं, “अंकल, माफ करना. उस दिन आपने तीसरी आवाज़ लगाई और मैं चिल्ला पड़ी. आपको डाँट पड़ी होगी मेरी वजह से.”

त्यानं एक फोड माझ्या हातावर ठेवली, दुसरी तोंडात टाकली, बी बाजूला थुंकलं.

“तीसरी मैंने लगाई ही नहीं, बेटा. मैडम ने माताजी का मुँह देख के दो पे ही रोक दिया था.”